कावळ्यापासून रातव्यापर्यंत: अंगणातले पक्षी शोधण्याच्या सहा पायऱ्या

आमच्या अमळनेरच्या घरामागे एक जुना निंब आहे, एक शेवगा, मेंदीचं कुंपण, जास्वंदीची दोन झुडपं, आणि कुंपणापलीकडे कुणाचा तरी पडीक तुकडा, त्यात बाभळी न् टणटणी. पक्ष्यांची वही केली त्या पहिल्या वर्षाच्या अखेरीला तिच्यात अकरा नावं होती. आता पन्नासच्या पुढे गेली आहेत. झाडं तीच आहेत. पक्षीही बहुतेक तेच असावेत. मला दिसत नव्हते, एवढंच.

नवा माणूस हमखास एक चूक करतो. पुस्तक उघडतो, सगळ्यात देखणं चित्र निवडतो आणि रविवारी पहाटे गाडी काढून ते शोधायला सातपुड्याकडे जातो. दुपारी धुळीने माखून परत येतो, हातात काही नाही. तिकडे घरच्या निंबावर तांबट सकाळभर ओरडून थकलेला असतो. म्हणून हा लेख. पक्षी सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत, आणि एक पायरी नीट झाल्याशिवाय पुढच्या पायरीला हात घालू नका अशी माझी विनंती आहे. क्रम माझा आहे. तुमच्या अंगणात केळीचा मळा असेल किंवा नुसती सिमेंटची कॉलनी असेल, तर तो थोडा हलेल.

आधी एक घोळ निस्तरू

दुर्मिळ पक्षी आणि दिसायला अवघड पक्षी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्या खानदेशातलाच आहे.

वनपिंगळा नावाचं छोटं घुबड. जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८८४ साली खानदेशात त्याचा नमुना गोळा केला, आणि त्यानंतर ११३ वर्षं या पक्ष्याची खात्रीची नोंद नव्हती. मधे १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाल्याचा म्हणून एक नमुना लंडनच्या संग्रहात होता, आणि त्याच्या भरवशावर लोक तिकडे शोधत राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा लबाडी उघडी पडली. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या कर्नलने डेव्हिडसनचाच एक जुना नमुना संग्रहालयातून उचलून, पुन्हा शिवून, त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. मग बाई आणि त्यांचे दोन सोबती खऱ्या जुन्या ठिकाणांच्या मागे लागले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना वनपिंगळा दिसला. भरदिवसा. नंदुरबार जिल्हा तेव्हा झाला नव्हता, शहादा धुळ्यात होतं.

हा पक्षी दिवसाढवळ्या शिकार करतो आणि उघड्या फांदीवर बसतो. म्हणजे दुर्मिळ खरा, पण लपणारा नाही. लोक भलत्या गावात शोधत होते. याउलट फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी आपल्या आंब्यावर रोज येतो, आणि आंब्याखाली जन्म काढलेल्या माणसालाही तो ठाऊक नसतो. या लेखात अवघड म्हणतोय ते या फुलटोच्यासारख्यांना. वनपिंगळा तुमच्या अंगणात येणार नाही, त्याचा नाद सोडा.

तयारी

जागा ठरवा आणि ती बदलू नका. सकाळी सूर्य पाठीशी येईल अशी खुर्ची टाका, म्हणजे तोंड पश्चिमेकडे. उन्हाकडे तोंड करून बघितलं की प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. माझ्या पहिल्या वहीत एक ‘काळी चिमणी’ नोंदलेली आहे, त्याचं कारण हेच. बसल्यावर पहिली पाच मिनिटं काही घडत नाही. पक्ष्यांना तुमची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि बहुतेक लोक नेमके त्याच पाच मिनिटांनी उठतात. पंधरा मिनिटं बसा. फेब्रुवारीत जगभर अंगणातल्या पक्ष्यांची चार दिवसांची गणना होते, तिच्यातही एका नोंदीला किमान पंधरा मिनिटंच लागतात. भारतात ती २०१३ पासून होते आहे. पहिल्या दोन पायऱ्या झाल्या की तुम्हीही तिच्यात भाग घेऊ शकता.

वेळेचं म्हणाल तर आपल्याकडे उन्हाळ्यात साडेआठनंतर बसण्यात अर्थ नाही. पारा पंचेचाळिसाकडे निघाला की पक्षी चोच उघडी टाकून सावलीत बसतात, आणि आपणही तेच करावं. पावसाळ्यात उलट आहे, सर थांबली की लगेच बाहेर या.

आता मला सर्वात उशिरा कळलेली गोष्ट. फेब्रुवारी-मार्चमध्ये निंब आणि पिंपळ पानं टाकतात. कोवळी पालवी दाट व्हायला काही आठवडे जातात. नवशिक्यासाठी वर्षातला याहून चांगला काळ नाही, कारण त्या दिवसांत लपायला जागाच नसते. पक्षी बघायचं सुरू करायचं असेल तर होळीच्या आगेमागे करा. श्रावणात सुरू केलंत तर झाड म्हणजे हिरवी भिंत असते. नाउमेद व्हाल.

पाणी ठेवा. कुंभाराकडचं पसरट परळ सगळ्यात चांगलं, त्याच्या खरबरीत कडेवर पाय घसरत नाही. पाणी दोन बोटं, जास्त नको. चिमणीएवढ्या पक्ष्याला अंघोळही करता आली पाहिजे. ठेवायचं सावलीत, झुडपाजवळ, पण झुडपाला चिकटून नाही. मांजर दबा धरते. रोज घासून पाणी बदला, नाहीतर पक्षी कमी आणि डास जास्त मिळतील. एप्रिल-मेमध्ये या परळावर तिसऱ्या-चौथ्या पायरीचे पक्षी आपण होऊन खाली उतरतात. चष्मेवाला नावाचा चिमुकला पक्षी मी पहिल्यांदा झाडात पाहिला नाही, परळावर पाहिला.

दुर्बीण पहिल्या महिन्यात घेऊच नका. नंतर घ्याल तेव्हा ८×४२ आकडा असलेली घ्या. आठ पट मोठं दिसतं, आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर, म्हणजे पहाटेच्या अंधुकातही उजेड पुरेसा आत येतो. दुकानदार वीस पटीची दाखवील, मोह टाळा. हातात ती इतकी थरथरते की चंद्रसुद्धा स्थिर दिसत नाही. वापरायची रीत अशी: आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी पकडा, नजर तिथून काढू नका, आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. लोक आधी दुर्बीण लावतात आणि मग तिच्यातून झाड धुंडाळतात. त्यात पानं सापडतात.

आवाज ऐकून नाव सुचवणारं मर्लिन नावाचं फुकट अ‍ॅप आहे. जरूर वापरा, फक्त त्याने सांगितलं म्हणून वहीत नाव लिहू नका. ते दिशा दाखवतं, पक्षी तुम्ही बघायचा. आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. विणीच्या दिवसांत नराला वाटतं की हद्दीत दुसरा नर घुसला. घरटं सोडून तो तुमच्या मोबाइलशी भांडत बसतो.

वहीत चार गोष्टी पुरतात: तारीख-वेळ, कोणतं झाड, झाडाचा कोणता भाग, पक्षी काय करत होता. रंग शेवटी. रंग फसवतो, सवय फसवत नाही.

अवघडपणा मोजायचा कसा

मी तीन प्रश्न विचारतो आणि प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण देतो. बसतो कुठे? तारेवर-भिंतीवर असेल तर शून्य, पानांच्या कडेला एक, पानांच्या आत दोन. आवाजाने सापडतो का? सरळ सापडला तर शून्य, आवाज येतो पण दिशा लागत नाही तर एक, गप्पच असेल तर दोन. आणि अंग? मोठं, ठळक असेल तर शून्य. लहान असेल तर एक. पानासारखं किंवा सालीसारखं असेल तर दोन. बेरीज शून्य ते सहा.

यात गंमत अशी की एकाच पक्ष्याचे गुण महिन्यागणिक बदलतात. म्हणून वहीत गुणांपुढे महिना लिहा.

पहिली पायरी: न शोधता दिसणारे

कावळा, साळुंकी, पारवा, होला, बुलबुल, कोतवाल, वेडा राघू, टिटवी. हे शोधावे लागत नाहीत, म्हणून लोक यांच्याकडे नीट बघतही नाहीत. या पायरीवर ‘हे तर माहीतच आहेत’ म्हणून कुणी घाई केली की पुढे अडतो.

इथलं काम ओळखण्याचं नाही, फरक करण्याचं आहे. कावळे दोन आहेत: मानेला राखी पट्टा असलेला गावकावळा, आणि सगळाच काळा, जाड चोचीचा डोमकावळा. होलेही दोन सहज भेटतात. एकाच्या मानेवर बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके, तो छोटा होला. दुसरा फिका, मानेमागे काळी अर्धी कंठी. लालबुड्या बुलबुलाचं लाल बूड शेपटीच्या मुळाशी खाली असतं, समोरून दिसत नाही. कोतवालाची शेपटी दुभंगलेली असते. हे सगळं घरात बसून डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. नंतर अनोळखी पक्षी दिसेल तेव्हा मनात पहिला प्रश्न ‘बुलबुलापेक्षा मोठा की लहान?’ हाच येतो, आणि बुलबुल केवढा हेच ठाऊक नसेल तर पुढचं सगळं हवेत.

चिमणीला मी या पायरीवर मुद्दाम बसवलेलं नाही. जुन्या धाब्याच्या घरांत आढ्याला, कडीपाटाच्या फटीत तिची सोय होती. गावात अजून ती सगळ्यात सोपी आहे. नव्या कॉलनीत, जिथे भिंतीला एक भोक नाही, तिथे ती तिसऱ्या पायरीवर जाते.

दुसरी पायरी: पाच मिनिटं दिलीत तर

दयाळ, चिरक, सातभाई, भारद्वाज, हुप्पो, खंड्या, ब्राह्मणी मैना, जांभळा शिंजीर. सगळे उघड्यावर येतात, पण तुम्ही शांत बसलात तर.

दयाळ आणि चिरक यांत गल्लत होते. दोघेही काळे, दोघेही शेपटी उभारतात. दयाळाचं पोट पांढरं आणि पंखावर लांब पांढरा पट्टा. चिरकाचा नर जवळजवळ सगळा काळा, खांद्यावर पांढरा डाग, शेपटीखाली विटकरी. आपल्या कोरड्या मुलखात ओट्यावर, कुंपणाच्या दगडावर जास्त भेटतो तो चिरक. दयाळाला जरा झाडी आणि ओलावा लागतो.

शिंजीर जास्वंदीवर येईलच. पावसाळा सरताना मात्र नराचा जांभळा-काळा झगमगाट उतरतो आणि तो मादीसारखा पिवळट होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ उरते. नवशिके त्याला नवीन जात म्हणून लिहितात. मी तर दोन वेळा लिहिली आहे.

बाकीच्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सातभाई दिसण्याआधी त्यांचं भांडण ऐकू येतं.

तिसरी पायरी: आवाज घराएवढा, पक्षी अंगठ्याएवढा

इथून खरा अभ्यास सुरू होतो. शिंपी, राखी वटवट्या, चष्मेवाला, सुभग.

शिंपी म्हणजे इनमीन पाच इंचांचा पक्षी, त्यातही शेपटी धरून. ‘टुविट टुविट टुविट’ असा ओरडतो की पहिल्यांदा ऐकणारा निंबाच्या शेंड्याकडे बघतो. तो असतो गुडघ्याएवढ्या झुडपात. म्हणून पहिला नियम, मोठा आवाज आला की नजर खाली आणा. दुसरा नियम, पक्षी शोधू नका, हलणारं पान शोधा. वारा नसताना एकच पान हललं तर तिथे कुणीतरी आहे. त्या पानावर नजर ठेवून दहापर्यंत मोजा. शिंपी एका जागी थांबत नाही, झुडपाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो. तो जिथे होता तिथे बघण्यापेक्षा झुडूप जिथे संपतं तिथे बघा, बाहेर तिथूनच निघतो. डोक्यावर तांबूस टोपी, पाठ हिरवट, शेपटी उभी.

पानं शिवून घरटं करतो म्हणून त्याचं नाव शिंपी. चोचीने पानाच्या कडेला भोकं पाडतो आणि कोळ्याचं जाळं किंवा कापसाचा धागा त्यातून ओवतो. आपल्याकडे कापसाला तोटा नाही. वेचणीच्या दिवसांत रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांवरून उडालेला कापूस लटकलेला असतो, तो पावसापर्यंत तसाच राहतो. घरटं दिसलं तर दुरूनच बघा. पानं बाजूला सारून फोटो काढला की कावळ्याला पत्ता मिळतो.

राखी वटवट्या शिंप्याचाच भाऊबंद वाटतो, पण त्याची पाठ राखी, शेपटी लांब, आणि घाबरून उडाला की चुटकी वाजवल्यासारखा ‘कट् कट्’ आवाज येतो. चष्मेवाले थव्याने येतात, दोन मिनिटांत झाड झाडून काढतात आणि जातात. डोळ्याभोवती पांढरं कडं, तेवढं पुरे. सुभग पिवळा-हिरवा, पानांच्या आतच राहतो, पण पावसाळ्याच्या तोंडावर नर लांब शीळ घालत हवेत उडी मारतो आणि पिसं फुलवून भिरभिरत खाली येतो. तेव्हा पकडा. इतर महिन्यांत सुभगाला मी पाच गुण देतो, जूनमध्ये तीन.

चौथी पायरी: ऐकलेला सगळ्यांनी, पाहिलेला कुणीच नाही

तांबट, कोकीळ, पावशा, हळद्या.

तांबटाने मला रडवलं. ‘टुक टुक टुक’ एका लयीत, मिनिटामागून मिनिटं. पहिल्या वर्षी मी चक्क समजत होतो की लांब कुठल्या तरी विहिरीवर इंजिन चालू आहे. पक्षी आहे हे कळल्यावर दोन महिने निंबाखाली मान मोडेपर्यंत उभा राहिलो. अडचण अशी की तो ओरडताना चोच उघडत नाही, गळा फुगवतो, आणि डोकं एकदा इकडे एकदा तिकडे वळवतो. त्यामुळे आवाज आता जवळून, आता लांबून आल्यासारखा वाटतो. अंग पानासारखं हिरवं. त्यातून मी बघत होतो खालून.

एकदा माय धाब्यावर बिबडे वाळत घालत होती. मी खाली अंगणात, डोकं वर. तिने वरून विचारलं, “काय दखी राहिना रे?” म्हटलं, तो टुकटुक करणारा पक्षी. ती म्हणाली, “तो तठे शे ना, शेंड्यावर.” वर जाऊन बघतो तर निंबाच्या सगळ्यात उंच वाळक्या काटकीवर, सकाळच्या उन्हात, कपाळ लाल, गळा पिवळा, छातीवर लाल पट्टा, डोळ्याभोवती पिवळं. आरामात बसलेला. दोन महिने.

तेव्हा चौथ्या पायरीची रीत ही: गच्चीवर जा. तांबट, हळद्या, कोकीळ हे झाडाच्या वरच्या मजल्यावर राहणारे आहेत, आणि आपण तळमजल्यावरून बघतो. नजर झाडाच्या शेंड्याच्या पातळीला आणली की निम्मं काम होतं. तांबटासाठी सूर्योदयानंतरचा पहिला तास, तोही थंडी सरताना. दिवसभर मग उंबर, वड, पिंपळ पिकले की त्यावर. आणि शेवग्याच्या पोकळ, कुजक्या फांदीच्या खालच्या बाजूला रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं गोल भोक दिसलं तर ती फांदी तोडू नका, ते त्याचं घर असतं.

कोकिळेचं म्हणाल तर गातो तो नर, काळा कुळकुळीत, डोळे लालभडक. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. तिचा आवाज ‘किक् किक् किक्’ असा कर्कश. लोक मार्चमध्ये म्हणतात कोकीळ आला. पुष्कळदा तो थंडीभर तिथेच गप्प बसलेला असतो. त्याला शोधायचा तर कावळ्यांकडे बघा. अंडी कावळ्याच्या घरट्यात घालायची असल्याने नर कावळ्यांना चिडवतो आणि कावळे त्याच्या पाठी लागतात. तेवढा वेळ तो उघड्यावर असतो.

पावशा म्हणजे ‘पेरते व्हा’ म्हणणारा. पेरणीच्या आधी शेतकऱ्याला तो ऐकू येतो, दिसत नाही, आणि दिसला तरी ओळखू येत नाही, कारण तो हुबेहूब शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्यासारखा दिसतो. राखी पाठ, पट्ट्यांची शेपटी. छोटे पक्षीही फसतात, शिकारी आला म्हणून कालवा करतात. फरक चोचीत आहे: शिक्र्याची आकडीसारखी वळलेली, पावशाची साधी, सरळशी.

हळद्या पिवळाजर्द असून पानांत कसा हरवतो हे मला आजही नीट उमगलेलं नाही. उन्हाचे कवडसे पिवळेच असतात, म्हणून असेल.

पाचवी पायरी: समोर असून न दिसणारे

हरियल, पिंगळा, शिक्रा, फुलटोच्या. यातले दोन तर चांगले दांडगे आहेत, तरी दिसत नाहीत, कारण ते हलत नाहीत. तिसऱ्या पायरीची ‘हलणारं पान’ ही युक्ती इथे निकामी आहे.

हरियल आपला राज्यपक्षी आहे, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी तो पाहिलेला नाही. पारव्याएवढा कबुतराच्या जातीचा पक्षी, हिरवट-पिवळा, पाय पिवळेधमक. पिकलेल्या वडावर, पिंपळावर पंधरा-वीस हरियल बसलेले असतात आणि खाली पारावर माणसं गप्पा मारत असतात. फळ खाताना ते क्वचितच जागा सोडतात, चाहूल लागली की सगळे गोठतात. टाळी वाजवलीत तर भर्रकन सगळा थवा उडतो आणि तुम्ही म्हणता, अरेच्चा, इतके होते? टाळी वाजवू नका. त्याऐवजी जमिनीकडे बघा: ताजी, अर्धवट खाल्लेली फळं टपटप पडत असतील तर बरोबर वर बघत राहा. किंवा थंडीत सूर्य उगवताना या. तेव्हा ऊन खायला ते शेंड्याच्या उघड्या फांद्यांवर येतात. ऑगस्टमध्ये पाच गुणांचा हरियल फेब्रुवारीच्या निष्पर्ण पिंपळावर दोन गुणांचा होतो.

पिंगळा शोधायचा तर खारी आणि बुलबुलांना विचारा. भरदुपारी एकाच फांदीकडे तोंड करून चार जातींचे पक्षी कलकलाट करत असतील तर तिथे पिंगळा, शिक्रा किंवा साप आहे. पिंगळा ढोलीच्या तोंडाशी खोडाला चिकटून बसतो, बघता बघता साल होतो. तुम्ही दिसलात की मान वर-खाली करतो, तेवढ्यानेच उघडा पडतो. ढोलीखाली पांढरी शीट आणि किड्यांचे पंख पडलेले असले की जागा पक्की. जोडी वर्षानुवर्षं तीच ढोली धरते, म्हणून एकदा सापडला की कायमचा सापडला. घरावर पिंगळा ओरडला तर अशुभ म्हणतात, हाकलतात. आमच्या ढोलीतली जोडी उंदीर, टोळ, झुरळं खाते.

फुलटोच्या या पायरीचा राजा. शिंजिरापेक्षाही लहान, रंग म्हणजे मळकट, आवाज म्हणजे ‘चिक् चिक्’, आणि राहतो आंब्याच्या टोकाला. याला शोधू नका, बांडगूळ शोधा. आंब्यावर, निंबावर वेगळ्याच पानांचा झुपका दिसतो ना, तेच. बांडगुळाच्या फळांवर हा जगतो आणि बांडगूळ याच्यावर. फळातली बी इतकी चिकट असते की ती फांदीवर घासूनच सोडवावी लागते, आणि तिथे नवं बांडगूळ रुजतं. मामाच्या मळ्यातल्या आंब्याखाली मी एका झुपक्यावर नजर रोखून अर्धा तास बसलो होतो. मामा दोनदा येऊन विचारून गेले की तब्येत बरी आहे ना.

सहावी पायरी: पाहुणे आणि रात्रीचे

ऑक्टोबरपासून उत्तरेकडचे पाहुणे येतात. त्यातला थिरथिरा सोपा आहे, सारखी शेपटी थरथरवतो, भिंतीवर बसतो. अवघड आहेत ते पानांत फिरणारे पर्णवटवट्ये, आणि मेंदीच्या कुंपणातून नुसतं ‘चक्… चक्’ करणारा बोरू वटवट्या. हे दिसले तरी ओळखताना जाणते अडखळतात: सगळे हिरवट-तपकिरी, सगळे शिंप्याएवढे. इथे आवाजच उपयोगी. कुंपणातून थंडीभर रोज त्याच जागेवरून ‘चक्’ येत असेल तर बोरू वटवट्याचा अंदाज करायला हरकत नाही. पहिल्या हिवाळ्यात वहीत ‘वटवट्या, कोणता माहीत नाही’ असं लिहा आणि पुढे चला. अशा माझ्या बऱ्याच नोंदी आहेत.

नोव्हेंबरात मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मतारखांच्या दरम्यान, म्हणजे ५ ते १२ तारखेला, राज्यात पक्षी सप्ताह असतो. गावात फेरी निघाली तर सामील व्हा. वटवट्ये पुस्तकातून कळत नाहीत, कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावे लागतात.

शेवटचा रातवा. गावाच्या कडेला, मळ्यात घर असेल तरच. दिवसा तो जमिनीवर वाळक्या पाचोळ्यात बसतो, आणि तुमचा पाय पडेपर्यंत हलत नाही. अंगावर पाचोळ्याचंच नक्षीकाम. सहापैकी सहा. दिवसा शोधायला जाऊ नका, तुडवाल. उन्हाळ्यात दिवेलागणीनंतर ‘चक् चक् चक्-चक्-चकर्रर्र’ असा, टाकलेला चेंडू उड्या मारत थांबावा तसा आवाज येईल. आवाजाच्या दिशेला, पण मळ्याच्या कच्च्या रस्त्यावर उभे राहा, कारण अशा उघड्या धुळीच्या वाटेवर तो येऊन बसतो. बॅटरीचा झोत आधी जमिनीवर टाकून हळूहळू पुढे न्या. दूर कुठे लालसर अंगारा चमकला तर तो त्याचा डोळा. झोत लगेच बाजूला घ्या, तिथेच उभे राहा, आणि डोळे अंधाराला सरावू द्या. पायात बूट हवेत, साप याच वेळी निघतात. पाच-दहा मिनिटांत आवाज आला नाही तर घरी या, उद्या परत जा.